मणियार मामा फोनवर पैसे घेत नव्हते

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण बाजारच्या दिवशी मी ठाण्यात आणून बसवलेला म्हातारा मणियार, म्हणजे बांगडीवाला, मात्र जसाच्या तसा समोर दिसतो. नाव कुणाचंच घेणार नाही. त्या वेळी पेपरात 'तांत्रिक तपासातून बेपत्ता महिलेचा शोध' अशी बातमी आली आणि वरिष्ठांनी मला शाबासकीचं पत्र दिलं. मी ते फ्रेम करायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "भिंतीला बी लाज वाटंल." तिचं बरोबर होतं. तांत्रिक तपास कुणी केलाच नव्हता. खरं काय घडलं ते आता या वयात लिहून मोकळा होतो.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते. ठाणं बीदर जिल्ह्यात, हुमनाबादच्या बाजूला, निर्ण्याच्या अलीकडे. सकाळची हजेरी घेऊन मी बाजाराचा बंदोबस्त वाटून देत होतो, तेवढ्यात जवळच्या गावचा एक गृहस्थ आला. कडक इस्त्रीचा सदरा, हातात दोन मोबाइल. त्याची विधवा भावजय आदल्या संध्याकाळपासून घरी नव्हती. भाऊ जाऊन काही वर्षं झाली होती, तिला मूलबाळ नव्हतं.

"कुणीतरी पळवलं, साहेब. ती आपल्या मनानं जाणारी न्हाई. तिला हुमनाबादचा रस्ता बी ठाऊक न्हाई."

"तिचा फोन?"

"घरीच ठेवून गेली." त्याने एक मोबाइल टेबलावर ठेवला. "सिम माझ्या नावाचं हाय. तिची पेन्शन येते त्या खात्याला बी माझाच नंबर. तिला काय कळतंय त्यातलं?"

मिसिंगची नोंद केली, फोटो घेतला, वर्णन आजूबाजूच्या ठाण्यांना कळवलं. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. माणूस हरवला की घरचे आधी त्याच्या अंगावरचे कपडे सांगतात, जेवून गेला होता की उपाशी ते सांगतात. या दिराने आधी सांगितलं ते हे, की वाटणीची जमीन तिच्या नावावर आहे. मी ते लिहून घेतलं आणि पुढच्या रकान्याकडे वळलो.

थोड्या वेळाने खबर आली. फोनवर पैसे घेण्यासाठी जे कोड दुकानांत लावतात, ते बाजारभर चिकटवत फिरणारा एक एजंट होता. त्याने आमच्या हवालदारांना बाजूला घेऊन सांगितलं की ती बाई गेल्या बाजारी मणियाराच्या पालात बराच वेळ बसली होती, दोघं हळू आवाजात बोलत होते. "आणि अण्णा, अख्ख्या बाजारात तो एकटाच कोड लावून घेत न्हाई. आता कोथिंबीरवाली बी फोनवर घेते. रोखच पाहिजे म्हणणाऱ्याच्या पोटात कायतरी असतंयच."

मला हे लगेच पटलं. फोनच्या व्यवहारांवरून मी चोर पकडले होते. पैसा कुठून निघाला, कुठे पोचला, सगळं दिसतं. ज्याला हे दिसू द्यायचं नाही तो रोख मागतो, असा माझा सरळ हिशेब.

जीप घेऊन मी स्वतः गेलो. सगळ्या बायका त्या म्हाताऱ्याला मामा म्हणत, मग बाई कोणत्याही धर्माची असो. पालाच्या सावलीत ते एका बाईचा पंजा दाबून बांगडी सरकवत होते. "हात ढिला सोड, अक्का. बांगडी तुझीच हाय, भांडायलीस कामून?" बाजूच्या बायका हसत होत्या. मला बघून हसणं थांबलं.

"चला ठाण्यात. पेटी पण घ्या."

"एवढा हात भरू द्या, साब. अर्ध्या हातानं बाई उठली तर बरं नसतं."

तेवढं मी थांबलो. मग भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, त्यांना जीपमध्ये बसवून आणलं. निरोप धाडला असता तरी ते चालत आले असते. हे मला त्याच दिवशी कळलं आणि अजून सलतं.

ठाण्यात त्यांना समोर बसवलं. दीर बाहेर व्हरांड्यात, दाराच्या अगदी समोर.

"फोनवर पैसे का घेत नाही तुम्ही?"

"नको वाटतं, साब."

"येत नाही का?"

"नातू शिकवतो म्हणायलाय. शिकायला काय? मीच घेत न्हाई."

"कर चुकवता?"

"काच विकतो, साब. सोनं असतं तर गोष्ट येगळी."

त्या बाईबद्दल विचारलं की ते आधी व्हरांड्याकडे बघत आणि मग गप्प बसत. मधूनच विचारत, "दुपारपर्यंत सोडाल ना?" घाईत असलेला संशयित बहुतेक वेळा कुणाला तरी सावध करायला निघालेला असतो, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. पेटी उघडायला लावली. रंगीत बांगड्यांच्या खाली, कागदात वेगळा बांधलेला हिरवा चुडा निघाला.

"हा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"नाव?"

"साब, माझं काम बायांचा हात हातात घ्यायचं. हात देताना त्या काय काय बोलतात, ते तिथंच इसरायचं. न्हाईतर उद्या कोण हात देईल?"

बाहेरून दिराचा आवाज आला, "दोन ठेवून द्या साहेब, आपोआप बोलतंय!"

मी हात लावला नाही, एवढं तरी माझ्या बाजूने आहे. पण त्याला गप्पही केलं नाही.

तेवढ्यात आवारात गलका झाला. बाजारातल्या बायका आल्या होत्या. कुणाच्या काखेत टोपली, कुणाच्या हातात तराजू. पुढच्या फूलवालीने दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले.

"बगा, म्या बी रोख देऊनच भरल्यात. मला बी बसवा."

"मला बी!" मागून आवाज. "अण्णा, आत जागा हाय का? आमी लई जणी हाव."

हवालदार माझ्या कानाशी लागले. "साहेब, महिला पोलीस एकच हाय."

फूलवालीला मी शांत करायला म्हटलं, "तुझ्या टोपलीला कोड आहे, मग मामांना काय होतंय?"

"हाय की! पैसे पडतेत लेकाच्या फोनात. सांजच्याला तिकिटाला त्यालाच हात पसरते. मामाला इचारा कामून न्हाई घेत, ते मला इचारायलाव!"

मागे उभा असलेला भजीवालाही बोलून गेला. "माझा बी कोड काढून टाकलो, साहेब. कुण्या फसव्यानं माझ्याकडं भजी खाऊन फोननं पैसे दिले, आन् तुमच्याच खात्याच्या पत्रानं माझं बँकेतलं खातं गोठलं. भजी त्यानं खाल्ली, उपास मला!"

अख्खं आवार हसलं. हवालदार हसले. मलाही ओठ दाबावे लागले. गर्दी परतवून मी आत आलो तेव्हा मामा हळूच म्हणाले, "साब, जेवायला घरी जा. अन् बाईसाहेबांना इचारा."

क्वार्टर ठाण्याच्या मागेच. बायको ताट वाढून उभी होती, पण वाढप्याच्या चेहऱ्याने नाही, फौजदाराच्या.

"मामाला बसवून ठेवलाव म्हणं."

"तुला कसं कळलं?"

तिने हात पुढे केला. मनगटावर नव्या, मोरपंखी बांगड्या. नव्या आहेत हे मला तेव्हा कळलं. "ह्या कुणाकडच्या वाटल्या?"

"कधी घेतल्यास?"

"हेच! म्हणूनच मामा फोनवर घेत न्हाईत. फोन कुणाचा? नवऱ्याचा, न्हाईतर लेकाचा, न्हाईतर दिराचा. हिकडं बाईनं दोन बांगड्या भरल्या की तिकडं घरात फोन वाजतो. मग चालू, 'कशाला? आताच तर घेतलीस.' अंडी इकून, शेण्या इकून साठवलेलं असतंय तिचं. तेवढं एक तरी कुणाला न सांगता करावं वाटतंय की न्हाई माणसाला?"

"मी असं कधी विचारलं असतं?"

"आता काय केलाव? 'कधी घेतल्यास' हेच इचारलाव की!"

घास तसाच राहिला. मी हळू आवाजात त्या बेपत्ता बाईचं विचारलं. बायकोने आधी अट घातली. "दिराला संगं घेऊन जाणार न्हाई म्हणा." मी म्हटलं. मग तिने सांगितलं. त्या बाईचं त्याच दुपारी बीदरला, मैलूरमध्ये मैत्रिणीच्या घरी लग्न होतं. नवरा मुलगा म्हणजे बायको वारलेला एक ड्रायव्हर, भला माणूस. घरी कळलं असतं तर जमिनीपायी दिराने खोलीत कोंडलं असतं. विधवेच्या हातात हिरवा चुडा भरायला एका बांगडीवाल्याने नकार दिला होता. मामा म्हणाले होते, मी स्वतः मैलूरला येऊन भरतो.

"आणि हे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्या बाजाराला ठाऊक हाय. ठाण्यालाच न्हाई."

"मग सकाळी सांगायचं ना!"

"सकाळी तुमी कुणाच्या बाजूनं हाव, ते कुठं ठाऊक होतं?"

पाणी पिऊन मी तसाच ठाण्यात आलो. आमच्या हवालदारांचं अक्षर सुंदर, पण एका ओळीला चहा थंड होई. त्यांना म्हटलं, दिराचा सविस्तर जबाब घ्या, आधी मराठीत लिहा, मग कन्नडमध्ये वाचून दाखवा, काही राहायला नको. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पेनाचं टोपण अगदी सावकाश काढलं. स्टेशन डायरीत रवानगीची नोंद केली, महिला पोलिसाला बरोबर घेतलं, मामांना पेटीसकट जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. बाजारातून जाताना बायकांनी वाट दिली. फूलवालीने टोपलीतली ओंजळभर शेवंती थेट बॉनेटवर टाकली. जीपच्या ड्रायव्हरने वायपर चालू केला तर ती ओरडली, "राहू दे रं, लग्नाची जीप हाय!"

मैलूरच्या त्या लहानशा घरात पोलीस बघून सगळे उभे राहिले. नवरी भिंतीला टेकली. माझ्यामागून मामा पेटी घेऊन आत आले, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. आधी कायद्याचं काम. 'मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीनं आले आहे, मला कुणी पळवलं नाही,' असा जबाब महिला पोलिसाने लिहून घेतला. तिने सही केली, ठळक आणि सावकाश.

मग मामा खाली बसले. इतक्या वर्षांत हात रिकामा राहून ताठ झाला होता. तिसरी बांगडी चढताना तडकली आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मामा जराही थांबले नाहीत. "वाढली. मणियाराच्या हातून वाढली की ती मणियाराची. पुढची दे बघू." नवरी खुदकन हसली आणि मग सगळेच हसले. चुडा भरून झाल्यावर तिने कमरेची पिशवी सोडून आपल्या हाताने पैसे दिले. मामांनी ते डोळ्यांना लावले, तिने त्यांना वाकून नमस्कार केला. कुठेही कुठला फोन वाजला नाही.

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. "साहेब, विधवेची पेन्शन बंद करायला अर्ज कुठं द्यायचा?"

पेन्शन चालू करून द्या म्हणत माझ्याकडे शेकडो लोक आले असतील. बंद करा म्हणणारी, आणि तेही हसत म्हणणारी, ही एकच.

ठाण्यात परतलो तर दिराचा जबाब अजून त्याच्या आजोबांच्या वाटणीपर्यंतच आला होता. बाई सज्ञान आहे, सुखरूप आहे, तिला त्रास दिलात तर मला लगेच कळेल, एवढं त्याला सांगितलं आणि मिसिंग निकाली काढलं. कागदावर तपासाचा मार्ग लिहायचा असतो. मी 'तांत्रिक माहितीवरून' असं लिहिलं. बायकोचं, मामांचं आणि बाजारातल्या बायकांचं नाव त्यात ओढायचं नव्हतं, हे खरं. पण पुढे शाबासकी आली तेव्हा मी ती गुमान घेतली, हेही तितकंच खरं.

फोनच्या व्यवहारांना माझा विरोध नाही. माझी पेन्शन मीही फोनवरच बघतो. पण व्यवहाराचा माग ठेवणं मला जितकं सोयीचं, तितकंच ते दिराला सोयीचं होतं, ही गोष्ट मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवली नव्हती. आता एखादा दुकानदार रोखच मागतो असं दिसलं की मी आधी त्याची गिऱ्हाइकं बघतो.

पुढच्या बाजारी मी गणवेशातच मामांच्या पालापुढे गेलो आणि सगळ्या बायकांच्या देखत हात जोडले. म्हटलं, "मामा, त्या दिवशी चुकलं माझं. भर बाजारातून जीपमध्ये घालून नेलं तुम्हाला."

मामांनी हातातला पंजा सोडला नाही. बांगडी सरकवत म्हणाले, "ते बरंच झालं की, साब. त्या दिवशी दुपारची बस आलीच न्हाई. तुमी जीपमधून नेलं नसतं, तर नवरी तशीच बसली असती."