परकार सरांची ना-हरकत

परकार सर गेल्याची बातमी मला इथल्या, दोहातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. वर ढोल-पथकाच्या सरावाची वेळ होती, खाली कुणाच्या तरी मुलाच्या बारावीच्या निकालाचं अभिनंदन, आणि मधे सर. मेसेज टाकला होता सबनीस काकांनी. हे मंडळाचे माजी अध्यक्ष आणि आमच्या कॉलेजच्या क्रीडा समितीचे तेव्हाचे प्रमुख. 'कतारमधील बास्केटबॉलचा आधारवड कोसळला' असं त्यांनी लिहिलं होतं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. सोबत सरांचा फोटो होता, इतका मोठा केलेला की चेहरा धूसर झाला होता. मूळ फोटो मी ओळखला. कॉलेजच्या मुलींनी चषक जिंकला तेव्हाचा होता तो. त्यात सर अगदी कडेला, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट धरून उभे आहेत. कुणीतरी क्रेट दिसणार नाही अशा बेताने फोटो कापला होता. तेरा वर्षं ज्याने मुलींना खेळायला शिकवलं, त्याचा एक धड फोटो या आधारवडवाल्यांकडे नव्हता. मी फोन केला तोवर दफनही होऊन गेलं होतं.

हनीफ परकार मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. दोहात आले ते एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून. पुढे एका शाळेत पीटीचे शिक्षक झाले आणि शेवटी आमच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच. आमचं कॉलेज म्हणजे इथे वाढलेल्या परदेशी मुलांची पदवीची सोय. स्वतःचं मैदान नव्हतं. अल थुमामातल्या एका शाळेचा हॉल आठवड्यातून तीन संध्याकाळी मिळायचा. हॉलच्या मागच्या दारातून नव्या स्टेडियमच्या क्रेन दिसत. बारावी संपवून मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा सरांनी पंधरा दिवस बास्केटकडे बघू दिलं नाही. हात पाठीमागे, गुडघे वाकलेले, रेषेवरून डावीकडे सरका, उजवीकडे सरका. चौथ्या दिवशी मी विचारलं, बॉल कधी देणार? म्हणाले, "बॉल काय, कुणीपण देतो गो. पाय कोण देणार?"

त्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. एका सामन्यात तर असे हरलो की समोरच्या संघाने शेवटी शेवटी आमच्यावर दया केली, आणि ती हरण्यापेक्षा वाईट होती. बसमध्ये कुणी बोलत नसे. सर प्रत्येकीच्या सीटपाशी येऊन एकच विचारायचे, आज काय दिसलं? काय चुकलं असं नाही, काय दिसलं. मी एकदा रागाने म्हटलं की मला फक्त त्यांच्या सेंटरला खेळणाऱ्या मुलीची पाठ दिसली. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले की मग ती कुठल्या बाजूला वळते ते तुला आता सांगता आलं पाहिजे. आणि खरंच, सांगता आलं.

त्या वर्षांत दोहात प्रत्येकाला वर्ल्ड कप झाला होता. होय, आजार व्हावा तसाच. दातांच्या दवाखान्याच्या दारावर फुटबॉल, बेकरीच्या केकवर फुटबॉल, मंडळाच्या हळदीकुंकवाच्या वाणातसुद्धा फुटबॉलचं चित्र असलेले डबे. ज्यांनी आयुष्यात कशाला लाथ मारली नव्हती ते लोक 'लेगसी' हा शब्द दर वाक्यात वापरत होते. स्टेडियमांत भर उन्हात कोण राबतंय, कुठून आलंय, परत कसं जाणार आहे, हे मात्र जेवणाच्या टेबलावर विचारलं की वरण वाढण्याची घाई सुरू व्हायची. आमच्या घरीसुद्धा. बाबांनी नाशिकच्या कारखान्यात युनियनची पत्रकं लिहिली होती. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. तेच बाबा इथे आल्यावर म्हणायचे, हळू बोल, खिडकी उघडी आहे.

तर हा आजार कॉलेजलाही झाला. आता जिंकायचं होतं, तेही लगेच, कारण शहरात कॅमेरे येणार होते. सबनीस काका गॅस कंपनीत खरेदी विभागात होते. पाइप आणि व्हॉल्व्ह मागवावेत तसा संघ मागवायचा, अशी त्यांची योजना होती. मनिला, बैरूत, अम्मान इथल्या कॉलेजांतून दोन-दोन वर्षं खेळून तयार झालेल्या मुली तिसऱ्या वर्षाला आपल्याकडे घ्यायच्या, त्यांची फी माफ करायची आणि आम्हा फ्रेशरना बाकावर बसवायचं. वर्षाखेरच्या बैठकीला खेळाडूंची प्रतिनिधी म्हणून मी हजर होते. काकांनी स्लाइड लावली : फ्रेशर म्हणजे खर्च, ट्रान्सफर म्हणजे रिझल्ट. मग सरांकडे वळून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "परकार, प्रॅक्टिकल व्हा. लोक तयार फ्लॅट घेतात, विटा पाडत बसत नाहीत."

सर उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "सबनीस साहेब, त्या तयार पोरी पहिल्या वर्षी कुणाकडे तरी हरल्याच असतील की. ते हरणं कुणीतरी सोसलंन. आपल्या वाट्याचं आपण सोसूया."

बैठकीत दोन जण हसले. मी त्या दोघांची नावं लक्षात ठेवली आहेत. समितीने सरांना आणखी एक वर्ष दिलं, तेही केवळ ट्रान्सफर मुलींचे व्हिसा वेळेत होणार नव्हते म्हणून.

दुसऱ्या वर्षी आम्ही जिंकायला लागलो. त्याचं मोठं कारण श्रुती. ही मदिनत खलीफा भागातल्या व्हिलात वाढलेली, पुण्याच्या आईबापांची मुलगी. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची. सर तिच्याशी मराठीत, ती सरांशी इंग्रजीत, असं तासन्‌तास चालायचं आणि दोघांचं एकदाही अडलं नाही. पहिल्या वर्षी तिला डाव्या हाताने चेंडू टप्पाही घेऊ देत नसे. दुसऱ्या वर्षी तिला अडवायला दोघी लागायच्या. आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. बिन महमूद भागातल्या एका हॉटेलात सरांनी सगळ्यांना पराठे आणि करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा दिला. मला वाटलं, झालं, सिद्ध झालं, आता सबनीसांची स्लाइड त्यांच्याच तोंडावर फेकता येईल.

आणि त्याच उन्हाळ्यात श्रुतीने सांगितलं की ती चालली. शहरातल्या दुसऱ्या कॉलेजला तिला आर्किटेक्चर मिळत होतं. आमच्याकडे तो विषयच नव्हता. त्यांच्या संघालाही ती हवी होती. आमच्या स्पर्धेचा नियम असा होता की जुन्या कोचने ना-हरकत पत्र दिलं तर खेळाडूला नव्या संघातून लगेच खेळता येई. नाहीतर एक पूर्ण वर्ष बाहेर बसायचं. आणि तिकडच्या कोचने सांगितलं होतं की बाहेर बसणारी मुलगी त्याला नको, जागाही नाही, फी-माफीही नाही. म्हणजे सगळं सरांच्या एका सहीवर आलं होतं. श्रुतीचं आर्किटेक्चरही, आणि सरांचा संघही. ती गेली तर आम्ही पुन्हा हरणार, आणि हरलो की समिती सरांना काढणार, हे हॉलच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं.

सबनीस काकांचं मत अर्थातच लगेच फिरलं. बाहेरून तयार मुली आणणं म्हणजे दूरदृष्टी, आपली जाणं म्हणजे बेइमानी. सही द्यायची नाही, असं त्यांनी सरांना फोनवर सांगितलं. त्यांच्याबद्दल मला आश्चर्य वाटलं नाही. खरेदी विभागाचा माणूस, आलेला माल परत कसा जाऊ देईल. ज्या गोष्टीबद्दल मला आजही स्वतःची चीड येते ती पुढची आहे. मी त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, शांत डोक्याने एक पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. विकत घेतलेल्या विजयाविरुद्ध, खेळाच्या बाजाराविरुद्ध, एकजुटीच्या बाजूने. शेवटची ओळ होती : सरांनी श्रुतीला ना-हरकत देऊ नये अशी आमची मागणी आहे. खाली संघातल्या बाकी सगळ्या मुलींच्या सह्या घेतल्या. एकीने विचारलं, हे बरोबर आहे ना? मी तिला तत्त्व समजावून सांगितलं.

कागद घेऊन मी हॉलवर गेले. सर बाकावर बसून जाळीची तुटलेली दोरी ओवत होते. त्यांनी पत्रक सगळं वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि घडी घातली.

"छान लिहितेस," म्हणाले. "तुझ्या वडलांनी शिकवलंन?"

मी म्हटलं, विषय तो नाही. तुम्ही सही करू नका. आपण तिला घडवली.

"म्हणून ती आपली?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते तोवर संघातल्या कुणालाच माहीत नव्हतं. स्टोअरकीपर असताना त्यांना शाळेची नोकरी चालून आली होती. इथे तेव्हा नोकरी बदलायची तर जुन्या कंपनीचं ना-हरकत पत्र लागायचं, एनओसी. कंपनीचा साहेब आपल्याच मुलुखातला होता. त्याने पाठीवर हात ठेवून सांगितलं, परकार, तुला आम्ही तयार केला, आता दुसऱ्याला कसा देऊ? पत्र नाहीच दिलं. नियमाप्रमाणे सर देश सोडून गेले आणि दोन वर्षं परत येण्याची बंदी भोगली. गावात बसून. शाळेने ती जागा केव्हाच भरली होती. दोन वर्षांनी नशिबाने दुसऱ्या शाळेत मिळाली.

"ज्याच्या हातात सही तो कफील," सर म्हणाले. कफील म्हणजे इथला मालक, ज्याच्या नावावर तुमचा परवाना असतो. "मला कफील करू नको गो पोरी. बाकी काय सांगशील ते करतो."

मी पत्रकांवर वाढलेली. कफील-पद्धतीविरुद्ध इंटरनेटवर येणारं सगळं वाचून काढणारी. मंडळातल्या काकांना गुलामांचे व्यापारी म्हणणारी. आणि माझ्या आयुष्यात ज्या एका कागदाने कुणाला बांधून ठेवता आलं असतं, तो मी स्वतःच्या हाताने लिहून, सह्या गोळा करून आणला होता. सबनीस आणि मी एकाच बाजूला उभे होतो. फरक इतकाच की माझी भाषा बरी होती.

सरांनी त्याच संध्याकाळी सही केली. पुढचं सगळ्यांनी वर्तवलं होतं तसंच झालं. श्रुती आमच्याविरुद्ध खेळली, आम्ही दणकून हरलो, आणि सामन्यानंतर सरांनी तिच्याही जवळ जाऊन विचारलं, आज काय दिसलं? समितीने संघ नव्या कोचकडे दिला. सरांना 'सहायक' म्हणून ठेवलं, म्हणजे टॉवेल, बाटल्या आणि बसची यादी. तयार मुली आल्या. उंच होत्या, उत्तम खेळायच्या, आणि पहिल्याच वर्षी चषक आणला. मंडळाने सबनीस काकांचा सत्कार केला, शाल आणि श्रीफळ देऊन. मी संघ सोडला. तत्त्वासाठी, असं तेव्हा सगळ्यांना सांगत होते. सर सोडून गेले नाहीत. एकदा बाहेरून डोकावले तर ते बैरूतहून आलेल्या एका मुलीला रेषेवरून सरकायला लावत होते, हात पाठीमागे बांधून. नंतर मी टोमणा मारला की आता शत्रूंनाही शिकवता का? ते म्हणाले, "तीपण कुणाची तरी फ्रेशर होतीच की. अर्धं काम त्याने केलंन, उरलेलं मी करतो." परत ये, असंही म्हणाले होते. मी गेले नाही.

पुढे एनओसीचा तो नियम सरकारने काढून टाकला. मी बातमी सरांना पाठवली, विजयाच्या आवेशात, जणू मीच काढला होता. त्यांचं उत्तर आलं : 'चांगलं झालं. श्रुतीची इंटर्नशिप लागली, कळलं का?' मला कळलं नव्हतं. मी तिच्याशी तोवर बोलत नव्हते.

शोकसभेला मी गेले नाही. तिथे काय काय झालं ते ऐकलं. आधारवड पुन्हा एकदा कोसळला म्हणे, आणि मग सामोसे होते. त्याऐवजी गेल्या शुक्रवारी अल थुमामाला, सरांच्या घरी गेले. दोन खोल्यांचा फ्लॅट. चाचींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, गावी परतायचं ठरलंय, सामान बांधणं चाललं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्या खेळाचे कागद आहेत, बघ, नाहीतर मी टाकून देईन.

निळी फाइल होती. आत ना-हरकत पत्रांच्या प्रती, गेलेल्या प्रत्येक मुलीची एक. वर छापील मजकूर, आणि खाली सरांच्या हाताने, मोडक्या इंग्रजीत, पुढच्या कोचसाठी एक ओळ. एकीच्या खाली, डावा गुडघा जपा. दुसरीच्या खाली, रमजानमध्ये उपास लपवते, विचारत जा. श्रुतीच्या खाली लिहिलं होतं : मोकळी असली तरी पास मागत नाही, तिचं नाव घेऊन द्या.

फाइलच्या शेवटी एका टाचणीत आमच्या वर्षाच्या उरलेल्या मुलींची पत्रं होती. कुणीही न मागितलेली. सगळ्यांवर सही केलेली. बहुधा माझं पत्रक वाचून झाल्यावरच केली असावीत. उद्या आपण नसलो आणि सही दुसऱ्याच्या हातात गेली तर या पोरी अडकायला नकोत, एवढंच त्यांच्या मनात आलं असणार. माझंही पत्र होतं. खाली लिहिलं होतं : फार बोलते. बचाव चांगला. बाहेर बसवू नका.

चाचींनी विचारलं, "नेतेस?"

मी ते घेऊन आले. आता माझ्या टेबलावर आहे. त्यावर तारीख नाही. ती जागा सरांनी मोकळी सोडली आहे, ज्या दिवशी जावंसं वाटेल त्या दिवशी माझी मी घालावी म्हणून.