माझ्या वाटचा नवस

आमची मासळीवाली मावशी दुसऱ्यांच्या वाटचंही हसायची आणि रडायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. तारापुरात तिच्या शेजाऱ्यांकडे होता. मंगळवारी बोईसरच्या आमच्या कॉलनीत पाटी उतरवल्याबरोबर ती रविवारचा अख्खा सिनेमा सांगायची. वर म्हणायची, "तुझ्या वाटचं पण रडले गं बाय! आता तू नको रडू, पापलेट बघ कशी ताजी हायत."

ती देवीच्या जत्रेला निघाली की बायका तिच्याकडे नारळ द्यायच्या, नमस्कार सांगायच्या. ती एकेकीचं नाव देवीपुढे मोठ्याने घ्यायची. मी मास्तरीण, देवबिव न मानणारी. मी कधी नारळ दिला नाही. मावशीला त्याचं काहीच वाटायचं नाही. "नको मानू. तुझ्या वाटचं मी मानते," म्हणायची.

माझी लेक सातव्या महिन्यातच झाली. पालघरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, मुठीएवढी. माझे हात काही जुळेनात आणि भीती तर अशी, की वाटायचं, माझ्या या हट्टापायीच पोर जाईल. मावशी येऊन काचेतून बघून गेली.

पोर घरी आली. एका दुपारी मावशीला जेवायला बसवलं, तर तिने बोंबलाच्या कालवणाची वाटी बाजूला सारली.

"पोर पायानं चालेपर्यंत मासळी सोडलीय."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"नवस तुझा हाय. तुझ्या नावानं बोललेय. तू मानत नाय, म्हणून पोरीनं बिननवसाचं राहायचं?"

अगं, जन्म मासळीत गेलेली बाई ही! मी तिच्यावर ओरडले, आणि आत जाऊन ढसाढसा रडले.

लेक दीड वर्षाची होऊन गेली तरी चालेना. मावशी रोज पाटी वाहायची आणि घरी वरणभात गिळायची. अखेर एका सकाळी पोरगी उंबऱ्यापासून पाटीपर्यंत चार पावलं टाकत गेली आणि तिने बांगड्याची शेपटी धरली. मी तोच बांगडा तळून मावशीला वाढला. ती जेवत होती, मी नुसती बघत होते, आणि पोट माझं भरत होतं.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. देव मी अजूनही मानत नाही. लेकीला डॉक्टरांनी वाचवलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी कुणी विचारलं, की "आमच्या मावशीने वाचवली" असंच तोंडून निघतं, आणि मी ते दुरुस्त करत नाही.