सिसी झिमासा आणि निम्मी उडी

सिसी झिमासा (सिसी म्हणजे ताई) केप टाउनच्या एका विद्यापीठात मेंदूची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लिहायची. संगणकात एकेक पेशी मांडायची, पेशी एकमेकींना जोडायच्या, विजेचे ठोके सोडायचे, काय घडतं ते पाहायचं. बरोबरीचे कुणी जर्मनीला गेले, कुणी बँकेत. खोलीत ती उरली. मी साहित्य शिकलेली. त्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहायला मला घेतलं होतं. दुपारी ती आंबट दुधातला मक्याचा सांजा खिडकीकडे तोंड करून खायची.

धाकटा भाऊ ओद्वा गावी, मथाथाला. त्याला आकडी येते; ती कशी उठते ते सिसी आपल्या पेशींत शोधत होती. रविवारी फोनवर तो विचारायचा, "काय गं सिसी, सापडली का माझी आकडी?"

त्या हिवाळ्यात सापडली. तिच्या पेशींच्या जाळ्यात लहरी उठल्या, हुबेहूब ओद्वाच्या मेंदूच्या तपासणीतल्यासारख्या. विभागात टाळ्या झाल्या. शुक्रवारी सगळ्यांसमोर मांडायचं ठरलं.

अशी नक्कल करताना संगणक काळातून सलग चालत नाही, एका क्षणावरून पुढच्या क्षणावर उड्या मारतो. उडी मोठी पडली तर नसलेल्या लहरीही दिसतात. म्हणून उडी निम्मी करून सगळं पुन्हा चालवायचं. चित्र तेच आलं तरच खरं मानायचं. हे ती प्रत्येक नवख्याला शिकवायची.

गुरुवारी मी विचारलं, "सिसी, पुस्तिकेत हेच चित्र घालू?"

"थांब. निम्मी उडी केलेली नाही अजून."

"तू? आमचे तर रोज कान पिळतेस!"

"भीती वाटत होती, अनेले."

तिने निम्म्या उडीने चालवलं. रेघ सपाट आली. पुन्हा चालवलं. सपाटच. आकडी पेशींत नव्हती, गणितात होती.

"कुणाला कळणार आहे?" मी म्हणाले.

"आणि या चित्रावरून कुणी औषध शोधायला बसलं तर?"

तिने तेव्हाच ओद्वाला फोन लावला. "नाही रे सापडली. माझंच चुकलं."

"म्हणजे तुझ्या यंत्राची आकडी गेली! कुठलं औषध दिलंस? मलाही धाड की."

ती हसली. फोन ठेवल्यावरही हसत राहिली. मग थांबली. मला कुठे पाहावं कळेना.

शुक्रवारी तिने सपाट रेघ दाखवली, काय चुकलं ते सांगितलं आणि खाली बसली. चहाच्या वेळी सगळे पुढच्या वक्त्याभोवती जमले. ती कप घेऊन दाराशी उभी होती. मी पोचेपर्यंत वर निघून गेली होती.

खोलीत ती पेशींचं सगळं जाळं पुसत होती. पडद्यावर एकच पेशी ठेवली.

"हिच्यापासून पुन्हा," माझ्याकडे न पाहता ती म्हणाली. "तू जा, चहा घे."

मी गेले.