काटीपाशी थांबलेल्या सायकली

आमच्या पाड्यावरून खाली तलावाकडे जाणारी वाट कुणी बांधलेली नाही. ती गुरांनी आणि बायांनी पाडली. गुरं पाण्याला जायची, बाया लाकडाला. या तलावाचं पाणी मुंबईला जातं. नव्वदच्या सुमाराला त्या वाटेने एकच सायकल यायची, टपालवाल्याची, आणि निम्म्या वाटेत तो ती खांद्यावर घ्यायचा. सागाची मुळं, पावसाने उघडे पडलेले गोटे, मधे दोन ओहळ. तिथे चाकांचं काही काम नाही, असंच मी कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दोन हजार साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी, भात निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या तेव्हा, चार माणसं सायकली घेऊन आली. तीन पुरुष, एक बाई. खर्डीपर्यंत सायकली टेम्पोत घालून आणायचे आणि पुढे जंगलात शिरायचे. जाड टायर, पण कॅरेज नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. डोक्यावर भोकाभोकांच्या टोप्या. लाकूड नाही, पाला नाही, रिकाम्या हाताने जंगलात जाऊन रिकाम्या हाताने परत येणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी काटी काढली.

काटी म्हणजे करवंदीची नाहीतर बोरीची काटेरी फांदी. आमच्याकडे लावणी झाली की शेतातून जाणाऱ्या वाटेवर ती आडवी टाकतात, गुरं पिकात शिरू नयेत म्हणून. काटी दिसली की माणूसही वळसा घालून जातो, मग कितीही लांब पडो. दुसऱ्याच्या काटीला कुणी हात लावत नाही. पीक निघालं की ज्याने लावली त्यानेच ती उचलायची आणि वाट मोकळी करायची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलंय.

या लोकांनी ती उचलून बाजूला फेकली, बांधावरून सायकली नेल्या, बांध फोडला. मागून गुरं शिरली. संध्याकाळी ते परत आले तेव्हा मी वाटेत उभी होते.

"काटी कोनी काढली?"

त्यांच्यात एक दाढीवाला, चांगला आडवा गडी होता. तो म्हणाला, "मावशी, फांदी पडली होती वाटेत. बाजूला केली."

"पडली होती? करवंदीची फांदी चालत आली आन् तुझ्या वाटेत आडवी झाली?"

त्यांच्यातली बाई हसली. 

"घराला दार लावलेलं दिसलं तर तुमी काय करता रे? ढकलून आत जाता?"

चौघांनी खाली माना घातल्या. मी अजून बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, सायकली आंब्याला टेकवल्या आणि चिखलात उतरून बांध घातला. बांध वाकडा झाला. ते गेल्यावर मी तो मोडून परत घातला, पण आले होते हे खरं. तेव्हा मी त्यांना सांगितलं, "काटी दिसली का मागं फिरायचं. का, कशाला, इचारायचं नाय. ज्यानं लावली तोच काढील." त्या बाईने शाळेत म्हणून दाखवावं तसं ते पुन्हा म्हणून दाखवलं.

मग ते महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिले. माझ्या ओट्यावर बसून पाणी प्यायचे आणि वाटा विचारायचे. मी सांगायची. कुठे उतार घसरडा, कुठल्या ऐनाच्या झाडाला गांधीलमाश्यांचं पोळं, कुठल्या टेकाडावरून झाडांच्या फटीतून तलाव दिसतो. तलाव दिसला की ते थांबून नुसते बघत बसायचे. मी विचारलं, "बघून काय करता?" बाई म्हणाली, "काही नाही, बघतो." मी म्हटलं, येडी माणसं.

आता माझी चूक सांगते.

माझ्या भातखाचरापलीकडे ओहळाच्या कडेला शिकेकाईची जाळी आहे. पुढच्या वर्षी ती शेंगांनी नुसती लगडली. जंगलातली शिकेकाई ज्याच्या हाताला लागेल त्याची. भात निघालं, झोडून झालं, काटी उचलायची वेळ आली, आणि मी ती उचलली नाही. काटी असली की तिकडे कुणी जाणार नव्हतं. शेजारच्या घरात माझी जाऊ राहते. आम्ही दोघी विधवा, भिंत एकच. ती म्हणाली, "तुझी काटी अजून हाय गो?"

"वाल पेरलेत," मी म्हटलं. खोटं ठरायला नको म्हणून खाचराच्या एका कोपऱ्यात मूठभर वाल खरंच टाकले होते.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी मी निघाले. जावेला सांगितलं, वरच्या डोंगराला लाकडाला जाते. गेले खाली. आत शिरून काटी परत मागे ओढून घेतली. लांब काठीच्या आकडीने शेंगा ओढत होते, चादरीत अर्धा भारा झाला होता. एका उंच फांदीला हिसका दिला आणि पायाखालचा गोटा फिरला. गुडघ्याखाली हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळका फाटा मोडतो तसा.

उठता येईना. सरपटता येईना. ऊन डोक्यावर आलं. पाणी चार हातांवर वाहत होतं, पण तिथवर पोहोचता येत नव्हतं. मी हिशेब केला. जाऊ दिवेलागणीला मला शोधायला लागेल, आणि वरच्या डोंगराला शोधेल. वाटेने कुणी आलं तर काटी बघून वळसा घेईल. मी तिथे पडले आहे हे कुणाला कळू नये याची सगळी व्यवस्था माझी मीच केली होती. रडले नाही. रडून ऐकणार कोण होतं?

उन्हं कलायला लागली तेव्हा त्या सायकलींचा आवाज आला. पायडल थांबवलं की त्या किड्यासारख्या किरकिरतात. मी होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले. आवाज थांबला, पण कुणी येईना.

"मावशी? तुम्ही आहात का?" ती बाई.

"मीच. पाय मोडलाय. या इकडं."

पावलं काटीपर्यंत आली आणि तिथेच अडली. मग दाढीवाला म्हणाला, "मावशी, इथे काटी आहे."

"ठाऊक हाय. मीच लावली."

"मग काढू?"

"नाय, हळदकुंकू वाहा तिला. काढ ना रे भाड्या."

काढली, आले. बाईने माझ्या तोंडाला पाणी लावलं. सायकलीत हवा भरायचा पंप त्यांनी पायाला आतल्या बाजूने लावला, बाहेरून माझी आकडी मोडून लावली आणि रबरी ट्यूब गुंडाळून घट्ट बांधलं. मग मला सायकलवर बसवायचं निघालं. मी म्हटलं, "कॅरेज हाय का तुमच्या सायकलीला? झोळी करा." आमच्या पाड्यावरून आजारी माणूस झोळीतूनच खाली जातो. बांबू त्यांनी माझ्या शेतातल्या राखणीच्या माळ्याचा उपसून आणला. कापड म्हणजे माझी चादर. दाढीवाल्याने ती उचलली आणि विचारलं, "मावशी, यातल्या शेंगांचं काय करू?"

"ओत खाली," मी म्हटलं.

सायकली तिथेच झाडाला टेकवल्या आणि चौघांनी आळीपाळीने मला नेलं. ती बाईही खांदा देत होती. ज्या वाटेवर जन्मभर खाली बघून चालले ती तेव्हा उताणी पडून पाहिली. वर सागाची मोठमोठी पानं आणि मधून मधून आभाळ. तरी कुठे काय आहे ते मला पाठीला कळत होतं. "आता डावीकडं गोटा हाय, पाय उचला," असं मी झोळीतून सांगत होते. "मावशी, तुम्ही गप्प पडा," एक जण धापा टाकत म्हणाला. मी गप्प पडले नाही, म्हणून कुणी घसरलं नाही.

रस्त्यावर जीप मिळाली. शहापूरच्या डॉक्टरने सांगितलं, पाय असा बांधून आणला म्हणून वाचला, हाड कातडी फाडून बाहेर आलं असतं तर वेगळी गोष्ट होती. दीड महिना प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी जाऊ दवाखान्यात भाकरी घेऊन आली. फडकं सोडून पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "वाल बरे आलेत म्हने."

मी जेवले. मग म्हटलं, "शिकेकाई हाय वहाळात. तू तोड यंदा."

"तोडली सकाळीच," ती म्हणाली. "तुझी वतलेलीबी भरली. निम्मी तुला ठेवलीय."

प्लास्टरमध्ये मी ओट्यावर बसून होते तेव्हा सायकलवाले येऊन गेले. मी दाढीवाल्याला विचारलं, "मी मेले असते ना रे तिथं. पाय मोडलाय म्हनून सांगितलं, तरी काटीपाशी थांबलात कशाला?"

तो जरा गोंधळला. "तुम्हीच सांगितलं होतं ना, का, कशाला, विचारायचं नाही."

त्याला चांगलं सुनवावं असं मनात आलं, पण मी प्लास्टरवरची माती झटकत बसले. मी चौथी शिकलेली बाई. माझा नवरा माझं ऐकायचा नाही, लाकडाचा भारा अडवणारा जंगलाचा शिपाई ऐकायचा नाही, मुलींनी लग्नानंतर ऐकणं सोडलं. या शिकल्या-सवरल्या चौघांनी माझं एक वाक्य पुरं वर्षभर सांभाळलं होतं, आणि मी ते स्वतःच मोडून बसले होते. त्यांनी मला उचलून नेलं म्हणून मी त्यांचे उपकार मानते, ते सगळ्यांना सांगते. काटीपाशी थांबले त्याचेही मानते. ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

त्या दिवशी जाताना बाईने विचारलं, "मावशी, आता कुठली वाट?" मी मोडका पाय पुढे पसरला, काठीने अंगणातल्या मातीत रेघ ओढली आणि तलावाच्या पलीकडच्या काठाने जाणारी वाट त्यांना सांगितली. जुन्या झाडांतून जाते ती, शेवटपर्यंत पाणी उजव्या हाताला राहतं. ती वाट मी तोवर जावेलाही सांगितली नव्हती. जाऊ तेव्हा शेजारी बसून शेंगा निवडत होती. तिने मान उचलून रेघ नीट बघून घेतली.