निळ्या डागाच्या शोधात

माझ्या नवऱ्याला फोनवरचा नकाशा चालत नाही. त्याला कागदाचा लागतो, पाणंदी आणि विहिरीसुद्धा दाखवणारा, आणि तो धरून बसायला मी लागते. मागच्या उन्हाळ्यात त्याला नकाशात नातेपुत्याच्या पुढच्या माळावर एक निळा डाग सापडला. तलाव होता. तिथं पक्षी असणार म्हणून दुर्बीण घेतली, आणि डुंबायचं म्हणून त्याची जुनी हाफपँटही.

पाणंदीतल्या बाभळींनी गाडीवर दोन्ही बाजूंनी ओरखडे काढले. पाणंद संपली तेव्हा समोर कलिंगडाचे वेल होते. मी म्हटलं, कुणाला तरी विचार. नकाशा असताना कशाला विचारायचं, असं म्हणून त्याने तो रणरणत्या उन्हात बॉनेटवर पसरला, उलटासुलटा फिरवला, आणि मी तो नीट धरला नव्हता म्हणून माझ्यावरच वैतागला.

वेलांत खुरपणारी एक बाई कधीची आमच्याकडे बघत होती. शेवटी मीच तिला हाक मारली. "मावशी, इथला तलाव कुठं आहे हो?"

"ह्योच की," ती म्हणाली. "तुमी तळ्यातच हुबं ऱ्हायलाय. पाणी आटलं की आमी गाळात कलिंगडं लावतो, दर साली."

मी नवऱ्याकडे बघितलं. मला अर्धा दिवस उन्हात भाजून काढलं होतं, आता निदान ओशाळेल असं वाटलं. त्याने नकाशाची नीट घडी घातली.

"बघ," तो म्हणाला, "बरोबर आणलं की नाही?"