पोहोचलेला ट्रक परत रस्त्यावर

ऐन डेमोत, क्लायंटसमोर, पोहोचलेला ट्रक परत रस्त्यावर आला.

स्क्रीनवर. ढोमणेजींनी बटण दाबलं, ट्रकपुढे हिरव्या अक्षरात ‘पोहोचला’ आलं आणि लगेच पुसलं जाऊन परत ‘रस्त्यावर’ झालं. वाहतूक कंपनीचा मॅनेजर हसला. आमचे बॉस हसले नाहीत.

ट्रक कुठे आहे ते दाखवणारं हे सॉफ्टवेअर मुळात ढोमणेजींनीच लिहिलेलं. मी नवीन होते तेव्हा कामही त्यांच्याकडूनच शिकले. आता तेच सॉफ्टवेअर नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहायचं होतं. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. आपलं काम त्याच्या नियमाने त्यात बसवायचं. आम्ही दोघंही ते नव्यानेच शिकत होतो.

जुन्या पद्धतीत आम्ही थेट स्क्रीनला सांगायचो, ही ओळ हिरवी कर, ती काढून टाक. नव्यात स्क्रीनला हात लावायचा नाही. फक्त आतला डेटा बदलायचा, स्क्रीन त्याप्रमाणे आपोआप बदलते. ढोमणेजी सवयीने स्क्रीनच बदलत होते. डेटात ट्रक रस्त्यावरच होता, म्हणून फ्रेमवर्क त्यांचं लिहिलेलं पुसून टाकत होतं.

डेमो संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

“सुलभा, मले सांग ना वं. मी ‘पोहोचला’ म्हणून राहिलो, तर हा ऐकत काहून नाही?”

“तो स्क्रीन पाहतच नाही, ढोमणेजी. डेटा पाहतो.”

“तू सांगते तवा समजते. कीबोर्डवर हात गेला का जुनंच लिहून राहिलो मी.”

माझंही तेच होत होतं. माझी सवय त्यांच्याइतकी मुरलेली नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बॉसनी मला केबिनमध्ये बोलावलं. “प्रोजेक्ट तू लीड कर. ढोमणेंना सपोर्टला टाकतो.” सपोर्ट म्हणजे दिवसभर तक्रारींचे फोन घेणं.

“सर, थोडा वेळ द्या. त्यांना येईल.”

“क्लायंट थांबेल?”

मी प्रोजेक्ट घेतला.

ढोमणेजी भांडले नाहीत. काही दिवस फोन घेतले, मग राजीनामा दिला. सक्करदऱ्याला मेव्हण्याचं प्लायवूडचं दुकान होतं, तिथे बसणार म्हणाले.

नोटीस पीरियड संपत आला तेव्हा एका दुपारी ते घरचा लॅपटॉप घेऊन आले. “हे पाह्य.”

बटण दाबलं. ट्रक पोहोचला आणि पोहोचलेलाच राहिला. मी कोड वाचला. स्क्रीनला हात लावणारी एकही ओळ नव्हती. मी अजून ज्याच्याशी झटत होते तो भागही त्यांनी सोपा करून टाकला होता.

“रोज सकाळी बसत होतो घरी,” ते म्हणाले. “आता बसला हात.”

मी तशीच केबिनमध्ये गेले. बॉसनी ऐकून घेतलं. “चांगलं केलं त्यांनी. पण त्यांच्या जागी माणूस घेतला आहे. सोमवारी जॉइन होतोय.”

परत आले तर ढोमणेजी लॅपटॉप बॅगेत ठेवत होते.

“काय म्हणे सर?”

मी सांगितलं.

“असू दे वं. मले फक्त पाहाचं होतं, येते का नाही येत ते.”

आता टीमचे एस्टिमेट मी काढते. नवं शिकायला किती दिवस लागतील ते सगळेच विचारतात. हातातलं जुनं सुटायला किती लागतील, ते कोणी विचारत नाही. मी दोन्ही लिहिते. बॉस दुसरा आकडा दरवेळी खोडतात.