बरं असताना यायची जागा

व्यंकटराव सर फळ्यावर उदाहरण लिहायचे, खडू खिशात टाकायचे आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे. हुशार पोरांचे पेन तोवर वहीवर टेकलेले असायचे. सर तिकडे न बघताच म्हणायचे, "पेन खाली ठेवा. आधी नुसतं बघा. सोडवायची लई घाई करायलाव तुम्ही." लातूरच्या कॉलेजात ते गणित शिकवत आणि मी इंग्रजी. आमच्या वर्गांमधली भिंत पातळ होती, त्यामुळे हे वाक्य माझ्या तासालाही ऐकू यायचं.

ईशान, रेवा, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. उंच, मानेत जरासे वाकलेले, शर्टाचा खिसा खडूने कायम पांढरा. तुमच्या आईचा फोन लागला की मी त्यांचं नाव काढते आणि ती विषय बदलते, कारण मी पुढे कडू बोलणार हे तिला माहीत असतं. म्हणून हे लिहून पाठवते आहे.

त्र्याण्णवच्या भूकंपात सरांची थोरली बहीण, अक्का, गेली. आई लवकर वारल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. सर रडले नाहीत. पडलेल्या गावांमधून ते कितीतरी महिने पत्रे, चादरी, धान्य वाटत फिरले. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे. मग पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागल्या, बाहेरगावचे मदत करणारे परत गेले आणि सरांनी अंथरूण धरलं. ताप नाही, दुखणं नाही, पण तोंड धुवायलाही उठेनात. नांदेडच्या मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी डिप्रेशन आहे म्हणून सांगितलं, औषधं दिली. सर बरे झाले. काही वर्षांनी पुन्हा पडले. मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्या खेपेनंतर डॉक्टरबाई माझ्याकडे आल्या. त्यांना लातुरात दर रविवारी सकाळी एक लहान गट बसवायचा होता, आणि तोही साध्या घरात, दवाखान्याची पाटी दिसणार नाही अशा ठिकाणी. माझा हॉल मोठा होता, तुमचे आजोबा गेल्यापासून रिकामाही होता. मी विचारलं, हे लोक तर आता बरे आहेत, मग उपचार कशाचा? बाई म्हणाल्या, पहिल्यांदा पडायला मोठा धक्का लागतो. दोनतीनदा पडलेल्याला लहानशी उदासीही पुरते; मन जुन्या वाटेने घसरत जातं. ती घसरण सुरू होतानाच ओळखायची, आणि हे बरं असतानाच शिकता येतं. गोळ्या ज्याच्या त्याने आपापल्या चालू ठेवायच्या.

पहिल्या रविवारी त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एक भाजका शेंगदाणा ठेवला. तो बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि सावकाश चावायचा. मन दुसरीकडे गेलं तर 'गेलं' एवढं ओळखायचं आणि परत यायचं. सर शेंगदाण्याकडे इतके गंभीर होऊन बघत होते की शेजारी बसलेल्या, गटातल्याच सईदाबी, त्या शिवणकाम करायच्या, त्यांना राहवेना. "सर, ह्याचं बी गणित मांडायलाव का?" सगळे हसले, सरही हसले. मग म्हणाले, "हाव. मांडायलोच. ही माझी खोडच हाय."

खोड खरी होती. वर्गात पोरांना घाई करू नका म्हणणारा हा माणूस घरी स्वतःच्या मनात आलेल्या प्रत्येक काळ्या विचाराचं उत्तर काढत बसायचा. अक्काला आदल्या दिवशीच लातूरला का आणलं नाही? कोणी सांगितलं असतं तर आणलं असतं का? हे संपायचं नाही. हॉलमध्ये डोळे मिटून बसल्यावर हळूहळू त्यांना ते दिसू लागलं. एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आज तो अक्काचा विचार आला. मी म्हनलं, ये. बस. उत्तर न्हाई देत बसलो. मग गेला." एवढंच. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला.

त्या गटात कोणी कोणाला शिकवत नव्हतं. ह्या आठवड्यात झोप उडाली, जेवावंसं वाटलं नाही, मुलावर उगाच ओरडले, असं ज्याचं त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं. मी चहा करायचे आणि दाराबाहेरच्या चपला ओळीत लावायचे. सर दर रविवारी येत आणि त्या काळात एकदाही पडले नाहीत. चाकूरजवळच्या एका लग्नात तर त्यांनी वरातीपुढे नाच केला, असं सईदाबी सांगायच्या. मला ते अजून खरं वाटत नाही.

ह्याच सुमारास लातुरात जिकडेतिकडे क्लास निघाले. सरांचा मुलगा अविनाश, माझाच विद्यार्थी, त्याने वडिलांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या नावावर क्लास काढला. धर्माबाद, उदगीर, कुठून कुठून पोरं येऊ लागली. त्यांचे आईबाप प्रवेश घेण्याआधी चहाच्या टपरीवर, झेरॉक्सवाल्याकडे चौकशी करत की शिकवणारा माणूस कसा आहे. एका मे महिन्यात टपरीवरून बातमी फिरली, ती कोणीतरी मुद्दाम सोडलेली असणार: ते गणिताचे सर वेड्याच्या डॉक्टरकडे जातात.

अविनाश माझ्याकडे आला. मला वाटलं, वडिलांना यायचं बंद करायला सांगेल. पण तो जास्त हुशार निघाला. म्हणाला, "मॅडम, कोणी विचारलं तर सांगा, सर इथे एकाग्रता शिकवतात. बाकीचे शिकायला येतात." मी म्हटलं, हे खोटं आहे. "खोटं काय त्यात? बसतात तर सगळे डोळे मिटूनच. आणि मॅडम, लोकांना आजारी मास्तर चालत नाही. तुम्ही तरी आजारी ड्रायव्हरच्या गाडीत बसाल का?" मी सांगितलं की माझ्या तोंडून हे कोणी ऐकणार नाही. त्याला माझ्या तोंडाची गरजच नव्हती. क्लासच्या दारावर फ्लेक्स लागला, त्यावर डोळे मिटलेले सर आणि खाली 'एकाग्रतेचे धडे, दर रविवारी'. विचारेल त्याला क्लासमधून माझ्या घराचा पत्ता मिळायचा.

पुढच्या रविवारी माझ्या दारात अनोळखी चपला होत्या. अहमदपूरची एक आई मुलाला घेऊन आली होती. तिने मला विचारलं, किती दिवसांत फरक पडतो, आणि फिजिक्सलाही चालतं का? त्यानंतर आणखी आले. डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं की हा गट वेगळ्या लोकांसाठी आहे, मुलांसाठी दुसरं काही करता येईल. पण दाराशी आलेल्या माणसांना हे वेगळे लोक कोणते ते सांगता येईना. सांगितलं असतं तर आत बसलेल्या प्रत्येकाचं नाव संध्याकाळपर्यंत टपरीवर गेलं असतं. म्हणून आलेल्यांना आत बसू द्यावं लागलं. सईदाबी वैतागून म्हणाल्या, "आता आमी सरांचे चेले झालो म्हना की."

सरांनी मुलाला विरोध केला नाही. क्लाससाठी पोराने घर गहाण टाकलं होतं, सून गरोदर होती. "त्याचं बी खरं हाय, बाई," एवढंच ते मला म्हणाले.

मग तो एक रविवार. आपापलं सांगायची वेळ आली. सरांचा चेहरा उतरलेला होता; पहाटेच जाग येते, हे त्यांनी येताना दारातच माझ्यापाशी पुटपुटलं होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. "ह्या आठवड्यात मला..." इतक्यात अहमदपूरच्या बाईंनी पर्समधून पेन आणि डायरी काढली, सर काय सांगतात ते उतरवून घ्यायला. सरांची नजर त्या पेनावर गेली. मग फळ्यापुढे उभं असल्यासारखे ताठ झाले आणि म्हणाले, "श्वासाकडे लक्ष द्या. मन भरकटलं तर परत आणा." त्या बाईंनी ते लिहून घेतलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. सईदाबींची मान खालीच होती.

महिन्याभरात डॉक्टरबाईंनी गट नांदेडला हलवला. इथल्या फार थोड्यांना तिकडे जाणं जमलं. सरांना रविवारी टेस्ट सिरीज होती.

दिवाळीनंतर ते चौथ्यांदा पडले. क्लासमध्ये सांगितलं गेलं की सर पुस्तक लिहायला बाहेरगावी गेलेत. सर घरातच होते, मागच्या खोलीत. डॉक्टरबाई तपासायला यायच्या तर अविनाश त्यांना गाडी पलीकडच्या गल्लीत लावायला सांगायचा. त्या तशाही आल्या, औषधं बदलली. मी भेटायला गेले तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझ्याकडे न वळताच बोलले. "बाई, तुमच्या हॉलमध्ये मला बिमार असायची मुभा व्हती. सगळीकडं सरच व्हतो, तिथं नव्हतो. तेवढी एकच जागा व्हती." मी म्हटलं, आपण पुन्हा सुरू करू, फक्त आपण चौघं, तुम्ही, मी, सईदाबी आणि डॉक्टरबाई.

ते त्यातून वर आलेच नाहीत. खाणं तुटत गेलं, थंडीत न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात हलवल्यावर थोड्याच दिवसांत गेले. तुमची आई म्हणते, वय झालं होतं. निवृत्तीला अजून फार वर्षं झाली नव्हती, एवढं तिला आठवत नाही.

शोकसभा क्लासच्या मोठ्या हॉलमध्ये झाली. मी आणि सईदाबी मध्ये कुठेतरी बसलो होतो. फ्लेक्सवरचाच फोटो मोठा करून हार घातला होता. डॉक्टर झालेले विद्यार्थी बोलले, चांगलं बोलले. शेवटी अविनाश उठला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, ते नाटक नव्हतं. तो म्हणाला, भूकंपाने सगळं नेलं तरी बाबा डगमगले नाहीत. निराशा काय असते ते ह्या माणसाला आयुष्यभर माहीत नव्हतं.

सईदाबींनी माझं मनगट धरलं. "मग आमच्यात येऊन बसायचा, तो कोन व्हता?"

त्या काही ओरडल्या नव्हत्या. पण मागच्या रांगेतल्या एका पालकाने पुढे वाकून, जरा शांत बसा, कार्यक्रम चालू आहे, असं आम्हाला सांगितलं.